शाळेत टॅब येण्याआधी विचारायचे प्रश्न

आपल्या रेडिओवर आज आम्ही शाळेचा विषय घेऊन आलोय. हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. फक्त शेवटी जे प्रश्न सांगणार आहोत ते वहीत उतरवून घ्या, किंवा पोरीला लिहून घ्यायला सांगा.

बचत गटांच्या बैठकांना जाताना एक बोलणं आमच्या कानावर हमखास येतं, "आमच्या शाळेत टॅब येणार म्हणे." कुठे एखाद्या कंपनीच्या मदतीतून, कुठे ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातून, कुठे गावकऱ्यांच्या वर्गणीतून. शाळेत टॅब आला, मोठा टीव्ही आला, अभ्यास मोबाइलवर आला, की आपल्याला बरं वाटतं. शहरातल्या पोरांना मिळतं ते आपल्याही पोरांना मिळावं, यात वावगं काहीच नाही. आमचाही त्याला विरोध नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की टॅब येण्याच्या आधी त्याची आखणी व्हायला हवी आणि त्या आखणीत आपण बायांनी बसायला हवं. नाहीतर काय होतं, हे आपण एकदा नाही, दोनदा बघितलंय.

पहिल्यांदा बघितलं ते कोरोनात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे जवळजवळ वीस महिने. जे पोर तेव्हा पहिलीत जाणार होतं, त्याने शाळेचा उंबरा ओलांडला तोवर त्याचं वय दुसरीचं झालं होतं. या काळात शिक्षण मोबाइलवर चालू आहे, असं सगळीकडे सांगितलं जात होतं. गुरुजी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवत होते, व्हिडिओ पाठवत होते. बऱ्याच गुरुजींनी आणि बाईंनी मनापासून कष्ट घेतले, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. पण तो अभ्यास पोरापर्यंत पोचत होता का?

देशभर गावोगावी जाऊन मुलांची पाहणी करणारा 'असर' नावाचा अहवाल आहे. त्यातले आकडे ऐका. २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या दर १०० मुलांपैकी साधारण ३६ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. कोरोना आला त्या वर्षी, २०२० मध्ये, तो आकडा ६२ च्या आसपास गेला आणि २०२१ मध्ये ६७ च्या वर. म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा काढून, शेळी विकून, गटातून उचल घेऊन फोन घेतले. पण याच पाहणीत दुसरी गोष्टही निघाली. ज्यांच्या घरी फोन होता, त्यांतल्या चारातल्या एका मुलाच्या हाती तो अभ्यासासाठी पडतच नव्हता.

का पडत नव्हता, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फोन एक आणि पोरं तीन. फोन घेऊन बाप सकाळी कारखान्यावर, नाहीतर मार्केट यार्डात. संध्याकाळी घरी आला तेव्हा बॅटरी संपलेली, बॅटरी असली तर नेट संपलेलं. आणि तासभर फोन मोकळा झालाच, तर आधी मुलाचा नंबर. मुलीला भांडी घासून झाल्यावर. म्हणून 'फोन घरात आहे' आणि 'फोन लेकराच्या हातात आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेच्या योजनेत घराघरातले फोन मोजले जातात. ते कुणाच्या हातात असतात, हे मात्र आईलाच माहीत असतं.

दुसऱ्यांदा बघितलं ते आपल्या अंगणवाडी ताईंच्या बाबतीत. आपल्या गटांत कितीतरी सेविका आहेत, त्यांना हे नवं नाही. सरकारने राज्यातल्या सेविकांना मोबाइल दिले. बालकांची वजनं, उंची, आहार, लसीकरण सगळं त्यात भरायचं. हेतू चांगला होता, मोठमोठी रजिस्टरं वाहायची कटकट जाणार होती. पण फोनमध्ये जागा कमी. माहिती भरायला लागलं की तो तापायचा, अडकून बसायचा. बिघडला की दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरात. त्यात पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत. सातवी-दहावी शिकलेल्या, पंधरा-वीस वर्षं उत्तम काम केलेल्या बाया त्या इंग्रजी चौकटींपुढे हतबल झाल्या. शेवटी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. २०२३ च्या फेब्रुवारीत संप झाला, त्यातही चांगल्या मोबाइलची मागणी होती.

यातून आपल्याला काय कळलं? यंत्र घ्यायला पैसे मिळाले होते. पण यंत्र पेलेल का, मोडलं तर भरपाई कुणी करायची, वापरणारीला त्यातली भाषा येते का, हे जिला ते वापरायचं होतं तिला आधी विचारलं गेलं नाही. शाळेत टॅब येताना हेच होऊ द्यायचं नसेल, तर विचारणं आपल्याला सुरू करावं लागेल.

आता जरा लांबचं उदाहरण सांगतो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, आपलं कर्जत नव्हे बरं का, खैराट नावाच्या छोट्या गावात एकशिक्षकी शाळेत पोरांना प्रत्येकी एक छोटा लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर गाजलेल्या कल्पनेची आपल्या देशातली ती सुरुवात. त्याच सुमाराला दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने असे आठ लाखांवर लॅपटॉप घेतले, त्यातले कितीतरी डोंगरातल्या गरीब गावांना दिले. पुढे ३१९ शाळांची तपासणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला, की मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला नाही. लॅपटॉप पोचले, पण शिक्षकांना ते घेऊन काय शिकवायचं याची तयारी नव्हती आणि कितीतरी शाळांना इंटरनेट नव्हतं.

त्याच खंडातल्या उरुग्वे या छोट्या देशाने वेगळी वाट धरली. त्यांनी २००७ मध्ये आधी एका गावात सुरुवात केली. काय अडतं ते बघितलं. मग एकेक भाग घेत २००९ पर्यंत सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत गेले, आणि यंत्रांबरोबर इंटरनेट आणि दुरुस्तीची सोयही उभी केली. दोन्ही देशांनी यंत्रं वाटली, पण आखणी एकानेच नीट केली.

आणि चांगलं उदाहरण बघायला परदेशात कशाला जायचं? आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये तिथे गेले, तेव्हा शाळेची इमारत गोठ्याच्या शेजारी, पडझड झालेली. गुरुजींनी टॅब मागण्याआधी पोरांची अडचण ओळखली. पोरांच्या घरची भाषा कानडी आणि पुस्तकं दुसऱ्याच भाषेत. त्यांनी धडे पोरांच्या भाषेत आणले, आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावला, म्हणजे फोनने टिपला की कविता ऐकू येणार, धडा दिसणार. आज बालभारतीच्या पुस्तकांवर जो चौकोनी ठिपक्याठिपक्यांचा शिक्का दिसतो, तोच क्यूआर कोड. २०२० च्या डिसेंबरमध्ये गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्या जिल्ह्यातही राहुरी तालुक्यातल्या गोपाळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नारायण मंगलारम गुरुजी यांना त्याच वर्षीचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळालाय. म्हणजे तंत्रज्ञान कसं वापरायचं, हे शिकवणारी माणसं आपल्या आसपास आहेत. तयारी शिक्षकाची असली की साधा फोनही पुरतो. ती नसली तर पन्नास टॅब कपाटात धूळ खातात.

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. क्षेत्रफळाने आपला अहिल्यानगर जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा, १७ हजार चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा. जिल्हा परिषदेच्या शाळाच साडेतीन हजारांच्या घरात. एवढ्या जिल्ह्याला एकच आखणी लावली, तर ती कुणालाच नीट बसणार नाही.

अकोल्याच्या घाटमाथ्यावर जा. घाटघर, रतनवाडी, साम्रद. पाऊस एवढा, की चार महिने कपडे वाळत नाहीत. पावसाळ्यात वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. फोनला रेंज हवी तर कुठेतरी उंचावर जाऊन उभं राहायचं. तिथे इंटरनेटवर चालणारा अभ्यास कामाचा नाही. तिथे धडे आधीच उतरवून ठेवलेले टॅब हवेत. सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये ही सोय आहे. रेंज असेल तिथे धडा डाउनलोड करायचा आणि वर्गात नेटशिवाय दाखवायचा. त्याबरोबर छपरावर सोलर हवं, ओल लागणार नाही अशी पेटी हवी.

तिथून पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे या. इथलं दुखणं वेगळं. दिवाळी झाली की कोयते निघतात. आई-बाप ऊसतोडीला गेले की घरातला स्मार्टफोन त्यांच्याबरोबर जातो, कारण मुकादमाचा फोन त्यावरच यायचा. लेकरू आजीपाशी राहिलं तर त्याच्याकडे फार तर बटनांचा फोन. आई-बापांबरोबर फडात गेलं तर फोन आहे, पण शाळा सुटलेली आणि पालाच्या कोपीत चार्जिंगला जागा नाही. घरच्या मोबाइलवर चालणारी कुठलीही योजना या पोरांसाठी दिवाळीला बंद पडते ती पाडव्यापर्यंत. म्हणून या तालुक्यांत टॅब शाळेत, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहायला हवेत, आणि गावात मागे राहिलेल्या पोरांसाठी संध्याकाळी तासभर शाळा उघडी हवी.

राहाता, श्रीरामपूर, कोपरगावच्या बागायती पट्ट्यात रेंज आहे, घरोघर फोनही आहेत. तिथली काळजी तिसरीच, की पोरगं फोन खाली ठेवतच नाही.

म्हणून आमचं सांगणं आहे, की एकदम साडेतीन हजार शाळांना टॅब वाटण्याआधी डोंगरातल्या काही शाळा, ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या काही आणि बागायती भागातल्या काही निवडाव्यात. तिथे एक पूर्ण वर्ष चालवून बघावं. त्या वर्षात एक पावसाळा येईल, एक ऊसतोडीचा हंगाम येईल, एक मार्च येईल म्हणजे वीजबिलाची थकबाकीही कळेल. या तिन्हींतून जे टिकेल तेच पुढे न्यावं. नवं बियाणं आलं तर आपण सगळं रान त्याने पेरत नाही, आधी दोन सऱ्या लावून बघतो. तसंच हे.

आता घरातलं बोलू, कारण निम्मी आखणी घरातच अडते. याच 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. जवळजवळ नव्वद टक्के घरांत आता स्मार्टफोन आहे. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांचा स्वतःचा फोन आहे, मुलींत हे प्रमाण २७ टक्के. आठवडाभरात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. एकाच घरात दोन भीती नांदतात. मुलगा फोनमध्ये बुडेल ही एक आणि मुलीच्या हाती फोन गेला तर काहीतरी होईल ही दुसरी. पण उपाय काय होतो बघा. मुलाला रागावतात आणि फोन त्याच्याचकडे राहतो. मुलीला काही न बोलता फोन काढून घेतात. आणि फोन काढून घेतला तर अर्ज भरणं, निकाल बघणं, शिष्यवृत्तीची माहिती काढणं, या सगळ्याला ती मुकते. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे गिरवले ते आपल्या नगरमध्ये, मिस फरार यांच्या शाळेत. त्या गावच्या जिल्ह्यात मुलीचं शिकणं फोनपाशी येऊन थांबावं, हे बरोबर नाही.

मग वळण कसं लावायचं? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये एक वाट दाखवली. १४ ऑगस्टला महिलांची सभा झाली, त्यात ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद होतात. दीड तासाने पुन्हा भोंगा. तोवर पोरं अभ्यासाला आणि मोठी माणसं एकमेकांशी बोलायला मोकळी. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी ताई घरोघर फिरल्या, तेव्हा कुठे ते रुळलं. आपल्या नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंडाचा ठराव केला, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याच गावाने संध्याकाळी सात ते नऊ या अभ्यासाच्या वेळेत मुलांना मोबाइल नको, असंही ठरवलं. या दोन गावांकडून घेण्यासारखं हे, की नियम गावाने मिळून केला. एकट्या आईने लेकराशी भांडत बसायची वेळ आली नाही. आणि वडगावात तो मोठ्यांनाही लागू आहे. बाप रील बघत बसला आणि पोराला 'अभ्यास कर' म्हणाला, तर कोण ऐकणार?

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कोण विचारतं? मैत्रिणींनो, कायदा विचारतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या जागा बायांच्या. शाळेचा विकास आराखडा करायचं काम याच समितीचं. पैसा आला तर कसा खर्च झाला, हेही तिनेच बघायचं. शिवाय ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. म्हणजे टॅबचा विषय जिथे ठरायचा, तिथे आपली खुर्ची आधीच मांडलेली आहे. सही करायला रजिस्टर घरी आलं तर घरात सही करू नका. बैठकीला जा, वाचा, मग सही करा.

आणि बैठकीत हे सात प्रश्न विचारा. लिहून घ्या.

१. टॅब किती आणि कुणाच्या ताब्यात? शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होणार का? चोरीला गेला, फुटला तर भरपाई मुलाच्या घरून तर मागणार नाही ना?

२. वीज कुठून? शाळेचं बिल थकलंय का? कितीतरी शाळांचं मीटर बिलापायी तोडलं गेलंय. मीटर तोडलेल्या शाळेत टॅब आणून उपयोग नाही.

३. रिचार्ज कुणी करायचा? रिचार्ज बहुतेक २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा. समजा एक तीनशेचा धरला, तर एका फोनचे वर्षाला ३,९०० रुपये. हा खर्च कुठल्या निधीतून, ते लिहून घ्या.

४. मोडला तर दुरुस्ती कुठे, किती दिवसांत? तालुक्याच्या गावात दुरुस्ती करणारा आहे का? पहिल्या वर्षानंतर पैसे कोण देणार?

५. त्यातले धडे मराठीत आहेत का? आपल्या पोरांच्या पुस्तकाशी जुळतात का? नेट नसताना चालतात का?

६. गुरुजींना, बाईंना शिकवणी कधी देणार? टॅब येण्याआधी की नंतर? त्यांची बदली झाली तर नव्या गुरुजींचं काय?

७. मुलींना किती वेळ मिळणार? वहीत नोंद ठेवा, आज कुणी किती वेळ वापरला. महिन्याने समितीत ती वही वाचा. ऊसतोडीला गेलेल्या घरच्या पोरांची नोंदही त्यातच हवी.

या सातांपैकी पाचांचं उत्तर मिळालं तर टॅब येऊ द्या, उरलेल्या दोन प्रश्नांना तारीख लावून घ्या. दोनाचंच मिळालं तर म्हणा, थोडं थांबू, तयारी करू. देणारा घाई करील, फोटोची वेळ ठरलेली असेल. पण टॅब बंद पडल्यावर आपल्या पोरांचं जे वर्ष जाईल, ते परत येत नाही.

गटातल्या ज्या ताईंना फोन चांगला येतो, सीआरपी आहेत, गटाचे हिशेब मोबाइलवर भरतात, त्यांनी एक काम करावं. महिन्यातून एकदा बाकीच्या आयांना शाळेच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड टिपायला शिकवावा. तेवढंच आलं तरी पोर खरंच अभ्यास करतंय का, हे आईला बघता येतं. आणि फोनवरून कुणी फसवलं, पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा. लेकरू अडचणीत असेल, कुणी त्रास देत असेल, तर १०९८. हे दोन्ही नंबर चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक ठराव घाला: आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत कोणकोणत्या बाया आहेत, त्यांची नावं काढायची आणि समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारायची. त्या बैठकीला किमान दोघींनी मिळून जायचं. एकटीला गप्प बसवता येतं, दोघींना जड जातं. आणि जे उत्तर मिळेल ते आम्हाला कळवा. ज्या गावाने चांगली आखणी केली असेल, ती इथे सांगू, म्हणजे दुसऱ्या गावाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आज एवढंच. लेकरांना शाळेत पाठवा आणि शाळेच्या बैठकीला स्वतः जा. नमस्कार.